कोड न लिहिता पहिला गेम: एक मांजर, दहा मासे आणि एक कुत्रा

कोडिंग अजिबात येत नसतानाही गेम बनवता येतो. फक्त एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कोडशिवाय गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमुळे कोड टाइप करण्याचे कष्ट वाचतात, विचार मात्र तुम्हालाच करावा लागतो. ‘मांजर माशाला शिवली, तर मासा नाहीसा कर आणि गुण एकाने वाढव’ हे वाक्य नेमके बोलता आले, की ते पडद्यावर मांडायला दोन मिनिटे पुरतात. जिथे वाक्य अर्धवट राहते तिथेच गेम अडतो. म्हणून इथे दहा सॉफ्टवेअरची तोंडओळख देण्याऐवजी एकच छोटा गेम पहिल्या चौकटीपासून दुसऱ्याच्या हातात देईपर्यंत नेला आहे.

कोणते सॉफ्टवेअर

आमची शिफारस जीडेव्हलप. ते मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, आणि काही इन्स्टॉल न करता थेट ब्राउझरमध्येही उघडते. त्यात कोडच्या जागी ‘इव्हेंट’ असतात: डावीकडे अट, उजवीकडे कृती. जर-तरची वाक्ये जशी बोलतो तशीच ओळीने मांडायची.

बाकीच्यांचे थोडक्यात. शाळकरी मुलांसाठी स्क्रॅच उत्तम आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून ते २००७ मध्ये लोकांसमोर आले. रंगीत ठोकळे जोडत जायचे, चूक झाली तरी काही बिघडत नाही. पण त्याचा रंगमंच ४८० गुणिले ३६० पिक्सेलचाच असतो, त्यामुळे मोठ्यांना ते लवकर तोकडे पडते. वाचत वाचत पर्याय निवडण्याची गोष्ट करायची असेल तर ट्विन घ्या. दुहेरी चौकटी कंसात [[दार उघड]] असे लिहिले की त्याच नावाचा नवा परिच्छेद तयार होतो, आणि तो जोडलेलाही असतो. मात्र ब्राउझरमधल्या ट्विनची गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते. साठा पुसला की गोष्ट गेली. रोज काम थांबवताना तिची फाइल उतरवून ठेवा.

कन्स्ट्रक्ट ३ची मांडणी जीडेव्हलपच्याच वळणाची आहे. ते पॉलिश केलेले आहे, पण फुकट आवृत्तीत इव्हेंटच्या संख्येवर मर्यादा आहे. अनरियल या मोठ्या गेम इंजिनमधले ब्लूप्रिंट (चौकटी तारांनी जोडण्याची पद्धत) कोडशिवाय चालतात हे खरे, तरी त्याचा पसारा पाहता पहिल्या गेमसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. गोडो या गेम इंजिनबद्दल एक सावधगिरी: २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीतून त्याची चित्रमय स्क्रिप्टिंगची सोय काढून टाकली आहे. ‘गोडोमध्ये कोडशिवाय गेम’ असा जुना व्हिडिओ पाहून बसलात, तर ते बटण शोधत राहाल.

एक निवडले की पहिला गेम पुरा होईपर्यंत बदलू नका. अडले की सॉफ्टवेअर बदलावेसे वाटते, पण ज्या जर-तरशी अडलेले असते ते नव्या ठिकाणीही तसेच वाट पाहत असते.

आधी कागद

कागदावर पडद्याचा चौकोन काढा. खाली जमीन, वर चार फळ्या, डावीकडे मांजर, इकडेतिकडे दहा मासे, एका फळीवर येरझाऱ्या घालणारा कुत्रा. बाजूला पाच वाक्ये लिहा:

मांजर धावते आणि उडी मारते.
मासा शिवला तर तो जातो, गुण वाढतो.
कुत्रा शिवला तर एक जीव जातो आणि मांजर सुरुवातीच्या जागी येते.
सगळे मासे संपले की जिंकलो.
जीव संपले की हरलो.

सहावे वाक्य सुचले तर कागदाच्या मागे लिहा आणि तिथेच राहू द्या. दुकान, पातळ्या, वेगवेगळी शस्त्रे, ऑनलाइन खेळणे हे सगळे मागच्या बाजूला. पहिला गेम एकाच पडद्याचा ठेवा, कॅमेरा हलवायचाच नाही. अर्ध्यात सुटणारे बहुतेक पहिले गेम याच मागच्या बाजूमुळे सुटतात.

पडदा आणि वस्तू

नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा. तयार नमुना घेऊ नका. त्यात दुसऱ्याने लिहिलेले इव्हेंट असतात आणि कुठले काय करते ते उमजत नाही. पडद्याचा आकार १२८० गुणिले ७२० ठेवा. गणितात गडबड नको म्हणून एक गोष्ट आत्ताच पाठ करा: शून्याची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि खाली जाताना ‘वाय’ वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या हे नेमके उलट आहे. ‘वर सरकव’ म्हणून वाय वाढवला आणि वस्तू खाली गेली, हे एकदा तरी होतेच.

मांजर, मासा आणि कुत्रा ‘स्प्राइट’, म्हणजे चित्र असलेली वस्तू, म्हणून घ्या. जमीन आणि फळ्यांसाठी ‘टाइल्ड स्प्राइट’ घ्या. ते ओढून लांब केले की चित्र ताणले जात नाही, त्याची नक्षी पुढे पुढे लागत जाते. जमिनीसाठी लहान लहान ठोकळे शेजारी शेजारी ठेवण्यापेक्षा एकच लांब पट्टी बरी. ठोकळ्यांमध्ये एखाद्या पिक्सेलची फट किंवा उंचीचा फरक राहिला की मांजर सपाट जमिनीवरही अडखळते, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही.

वस्तूंची आणि फाइलींची नावे साध्या लहान इंग्रजी अक्षरांत (कॅपिटल नको), मध्ये जागा न सोडता द्या. पडद्यावरचा मजकूर खुशाल मराठीत असू दे. फाइलींच्या नावाबाबत एवढा आग्रह अशासाठी, की विंडोजला मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक कळत नाही, पण बऱ्याच वेब सर्व्हरना कळतो. घरी दिसणारे चित्र इंटरनेटवर चढवल्यावर गायब होते ते यामुळे. सगळी चित्रे आणि आवाज सुरुवातीपासून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा, नंतर हलवू नका.

वस्तू ठेवली पण दिसत नाही, असे झाले तर ती पार्श्वभूमीच्या मागे गेलेली असते. तिचा झेड-क्रम (कोणती वस्तू पुढे दिसेल ते ठरवणारा आकडा) वाढवा.

धावणे आणि उडी

हे सगळ्यांत सोपे, कारण ते तयार मिळते. मांजरीला ‘प्लॅटफॉर्मर कॅरॅक्टर’ हे बिहेवियर, म्हणजे तयार वागणूक, द्या, जमिनीला आणि फळ्यांना ‘प्लॅटफॉर्म’. प्रीव्ह्यू, म्हणजे गेम चालवून पाहण्याचे बटण, दाबा. बाणांच्या कळांनी मांजर धावते, शिफ्ट किंवा स्पेसने उडी मारते, आणि अजून एकही इव्हेंट लिहिलेला नसतो. मांजर जमिनीतून आरपार पडली तर जमिनीचे बिहेवियर राहिले आहे. जमीनच खाली कोसळली तर नावे सारखी वाटल्यामुळे तिला मांजरीचे बिहेवियर दिले गेले आहे.

आता आकडे पाहा. गुरुत्व १०००, उडीचा वेग ६००, कमाल वेग २५० हे सुरुवातीला असलेले आकडे. उडीची उंची काढायला उडीच्या वेगाचा वर्ग दुप्पट गुरुत्वाने भागायचा: ६०० चा वर्ग ३,६०,०००, त्याला दोनदा १००० म्हणजे २००० ने भागले की १८०. म्हणजे कळ टिचकीसरशी सोडली तर मांजर सुमारे १८० पिक्सेल वर जाते. दाबून धरली तर आणखी वर. हवेत ती साधारण १.२ सेकंद राहते, म्हणजे तेवढ्यात २५० च्या वेगाने ३०० पिक्सेल आडवी जाते. यावरून फळ्या कुठे ठेवायच्या ते ठरते: दोन फळ्यांत उंचीचा फरक १४० च्या आसपास, आडवे अंतर २०० च्या आसपास. अंदाजाने फळ्या ठेवल्या तर एखादा मासा कुणालाच न मिळणारा ठरतो, आणि बनवणाऱ्याला शंभर वेळा खेळून सवय झाल्याने ते त्याच्या ध्यानात येत नाही.

उडी संथ, तरंगल्यासारखी वाटली तर आधी गुरुत्व १४०० करा आणि उडीचा वेग ७१० च्या आसपास न्या. उंची तेवढीच राहते, पण चाल चटपटीत होते. मात्र हवेतला वेळ सुमारे एका सेकंदावर येतो आणि आडवी झेप २५० पिक्सेलची होते, म्हणून अंतरे पुन्हा तपासा.

मांजरीची बसलेली आणि धावणारी चित्रे वेगवेगळ्या मापांची असतील, तर चाल बदलताना ती थरथरते. सगळी चित्रे एकाच मापाच्या कॅनव्हासवर काढा आणि टक्कर मोजणारी चौकट, म्हणजे कोलिजन मास्क, सगळ्या ॲनिमेशनना एकच द्या. चौकट अंगाबरोबर घट्ट घ्या. शेपटी आणि मिशा बाहेर राहिल्या तरी चालतील. चित्राभोवतीची पारदर्शक जागा चौकटीत राहिली की कुत्रा हातभर दूर असताना जीव जातो, आणि खेळणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते.

मासे: इथे इव्हेंट समजतात

नवा इव्हेंट. डावीकडे अट: मांजर आणि मासा यांची टक्कर. उजवीकडे तीन कृती: मासा काढून टाक, गुणांच्या व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवण्याच्या जागेत) १ मिळव, आवाज वाजव.

हे चालते. पण का चालते ते नीट समजून घ्या, कारण पुढची निम्मी कोडी इथेच सुटतात. पडद्यावर दहा मासे आहेत, तरी एकच का गेला? कारण अट गाळणीसारखी काम करते. टक्करीच्या अटीतून शिवलेला मासाच खाली उतरला, आणि कृतीला तेवढाच मिळाला. आता त्याच इव्हेंटमध्ये ‘कुत्रा काढून टाक’ अशी कृती टाकून पाहा. अटीत कुत्र्याचा उल्लेख नाही, म्हणजे गाळणी नाही, म्हणजे पडद्यावरचे सगळेच्या सगळे कुत्रे जातात. एक वस्तू हलवायला गेलो आणि सगळ्या हलल्या, असे दिसले की पहिली शंका हीच घ्या: अटीत त्या वस्तूचे नाव आहे का?

याच गाळणीचा आणखी एक बारकावा. दोन मासे अगदी शेजारी असतील आणि मांजर एकाच क्षणी दोघांना शिवली, तर गाळणीतून दोन मासे उतरतात, दोन्ही जातात, पण ‘१ मिळव’ ही कृती एकदाच होते. गुण ९ वर अडकतो आणि ‘गुण १० झाले की जिंकलो’ ही अट कधीच खरी होत नाही. म्हणून जिंकण्याची अट गुणांवर बांधू नका. ‘पडद्यावरचे मासे = ०’ अशी बांधा. उद्या अकरावा मासा ठेवलात तरी तिला हात लावावा लागत नाही. गुणही अचूक हवे असतील तर ‘प्रत्येक वस्तूसाठी’ या प्रकारचा इव्हेंट वापरा, मग तो माशागणिक एकदा चालतो.

गुण दाखवायला टेक्स्ट वस्तू घ्या आणि तिचा मजकूर बदलण्याच्या कृतीत "मासे: " असे दुहेरी अवतरणात लिहून पुढे अधिक चिन्ह आणि व्हेरिएबल जोडा. अवतरण विसरले की ओळ लाल होते. ही वस्तू वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा. पुढे कधी कॅमेरा मांजरीमागे धावू लागला, तर मूळ लेयरवरचे गुण मागेच राहून जातात.

कुत्रा, जीव आणि सेकंदात साठ वेळा

येरझाऱ्यांसाठी फळीच्या दोन टोकांना दोन लहान चौकोन ठेवा, डावी खूण आणि उजवी खूण. कुत्र्याला बिहेवियर नको. पहिला इव्हेंट: दृश्य (सीन, म्हणजे खेळाचा एक पडदा) सुरू होताना कुत्र्याला उजवीकडे १२० चा कायम राहणारा जोर द्या आणि दोन्ही खुणा लपवा. दुसरा: कुत्रा उजव्या खुणेला टेकला तर आधी त्याला थांबवा, मग डावीकडे १२० चा जोर द्या, चित्र उलटे करा. तिसरा: डाव्या खुणेसाठी याच्या उलट. आडव्या दिशेत डावीकडे म्हणजे उणे १२०.

‘आधी थांबवा’ हे गाळू नका. कायमचे जोर एकमेकांत मिसळतात. कुत्रा खुणेला टेकलेला असेपर्यंत प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगवला जातो त्या प्रत्येक वेळी, नवा जोर चढत जातो आणि तो गोळीसारखा पडद्याबाहेर सुटतो.

या ‘प्रत्येक फ्रेमला’कडेच नवशिक्याचे लक्ष नसते. इव्हेंट शीट वरून खाली एकदा वाचली जाते आणि काम संपते, असे नसते. ती सेकंदाला साधारण ६० वेळा वाचली जाते. माशाच्या वेळी हे जाणवले नाही, कारण मासा पहिल्याच फेरीत नाहीसा झाला. आता ‘मांजर आणि कुत्रा यांची टक्कर, तर जीव १ ने कमी’ एवढेच लिहून पाहा. कुत्रा जागचा जात नाही, टक्कर चालूच राहते, आणि तीन जीव तीन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात. खेळणाऱ्याला वाटते, शिवताक्षणीच मेलो. सतत घरघरणारा आवाज, एका गोळीच्या जागी निघणारी गोळ्यांची रांग, हे सगळे त्याच घरचे आजार.

उपाय तीन. सर्वांत साधा म्हणजे जीव कमी करताच मांजरीला सुरुवातीच्या जागी नेणे. टक्करच तुटते. आपल्या गेमला हा पुरतो. दुसरा, ‘ट्रिगर वन्स’ ही अट जोडणे. ती इव्हेंटला एकदाच चालू देते आणि अटी खोट्या होऊन पुन्हा खऱ्या झाल्यावरच परत सोडते. पण ती इव्हेंट मोजते, कुत्रे मोजत नाही. मांजर एका कुत्र्याला चिकटलेली असताना दुसरा येऊन शिवला, तर त्याची दखल घेतली जात नाही. तिसरा, टायमर: फटका बसला की मोजणी सुरू करा आणि १ सेकंद उलटेपर्यंत पुढचा फटका मोजू नका. तेवढा वेळ मांजर लुकलुकती ठेवा, म्हणजे खेळणाऱ्यालाही समजते.

हरण्याची अट ‘जीव = ०’ अशी न लिहिता ‘० किंवा त्याहून कमी’ अशी लिहा. आकडा कधी शून्यावरून उडी मारून उणे झाला तरी गेम अडकत नाही. आणि पडद्याच्या खाली पडलेल्या मांजरीसाठी वेगळा इव्हेंट हवाच: तिचा वाय ८०० पेक्षा जास्त झाला की तिला सुरुवातीला आणा आणि एक जीव कमी करा.

जीवांचे व्हेरिएबल दृश्याचे की ग्लोबल, म्हणजे सगळ्या गेमचे? दृश्याचे व्हेरिएबल दृश्य पुन्हा सुरू झाले की मूळ आकड्यावर येते, ग्लोबल टिकून राहते. आपला गेम एकाच दृश्यात चालतो, म्हणून दृश्याचेच ठेवा. पुढे पातळ्या वाढल्या आणि जीव ग्लोबल केले, तर सुरुवातीच्या पडद्यावर ते पुन्हा ३ करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्यांदा खेळायला घेताच हरल्याचा पडदा येतो.

इव्हेंट एक लिहिला की लगेच प्रीव्ह्यू. दहा लिहून मग पाहिले तर बिघाड कोणाचा ते कळत नाही. डीबगर या चुका शोधण्याच्या सोयीत व्हेरिएबलचे आकडे खेळता खेळता दिसतात. ‘का चालत नाही’ यावर अंदाज बांधण्याआधी तिथे नजर टाका.

मराठी अक्षरे

फॉन्टवर विसंबून राहू नका. तुमच्या संगणकावरचा फॉन्ट खेळणाऱ्याकडे असेलच असे नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये घाला आणि टेक्स्ट वस्तूला तीच द्या. ‘बिटमॅप टेक्स्ट’ मराठीसाठी टाळा. तो अक्षरांची ठरीव चित्रे एकापुढे एक ठेवतो, त्यामुळे जोडाक्षरे सुटतात आणि ‘कि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला बसते. एकेक अक्षर उमटत जाणारा टाइपरायटर परिणामही देवनागरीत बिघडतो. ‘स्त्री’ साठवताना स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे सहा तुकडे असतात, आणि ते एकेक करून दाखवले की मधल्या पायऱ्यांवर पाय मोडलेली अक्षरे दिसतात. त्याऐवजी शब्दाशब्दाने मजकूर उमटवा.

चित्रे आणि आवाज

सुरुवातीला रंगीत चौकोनच वापरा. मांजर केशरी, मासे निळे, कुत्रा तपकिरी. खेळ चौकोनांत रंगला तर चित्रांनी फुलेल. नंतर केनी (kenney.nl) या साइटवरची चित्रे घ्या. ती सीसी० परवान्याखाली आहेत, म्हणजे नाव न देताही वापरता येतात. ओपनगेमआर्ट आणि फ्रीसाउंड या चित्रांच्या व आवाजांच्या साइटवर प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो. ‘बीवाय’ असेल तर नाव द्यावे लागते, ‘एनसी’ असेल तर पैसे मिळवणाऱ्या गेममध्ये चालत नाही. फाइल उतरवतानाच कर्त्याचे नाव आणि परवाना एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. महिन्याने शोधायला गेलात तर सापडत नाही. पिक्सेलची चित्रे मोठी केल्यावर धुरकट दिसली, तर प्रोजेक्टच्या गुणधर्मांत स्केल मोड ‘निअरेस्ट’ करा.

ब्राउझर खेळणाऱ्याने एकदा क्लिक केल्याशिवाय आवाज वाजू देत नाही. म्हणून सुरुवातीच्या पडद्यावर ‘खेळा’ असे बटण हवे. ते नसेल तर पहिले संगीत मुकेच जाते.

दुसऱ्याच्या हातात

जीडेव्हलपमधून वेबसाठी एक्सपोर्ट करा. मिळालेली फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली तर बहुधा कोरा किंवा अडलेला पडदा दिसतो. ब्राउझर सुरक्षेसाठी संगणकावरच्या फाइली अशा वाचू देत नाही. गेम बिघडलेला नसतो. तो इच (itch.io) या गेम ठेवण्याच्या साइटवर चढवा: प्रकल्पाचा प्रकार एचटीएमएल निवडा, झिप चढवा, ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ वर खूण करा, चौकटीचा आकार १२८० गुणिले ७२० द्या. झिपमध्ये इंडेक्स फाइल (index.html) सर्वांत वरच्या पातळीवर हवी. फोल्डर झिप केला तर ती एक पायरी आत जाते आणि पान उघडत नाही. म्हणून फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली निवडा आणि त्या झिप करा. झिप उलगडल्यावर १,००० फाइली आणि ५०० एमबी ही तिथली मर्यादा. आपला गेम तिच्या जवळपासही जात नाही.

आता ज्याने हा गेम कधी पाहिलेला नाही अशा तिघांना द्या. शेजारी बसा आणि काही सांगू नका. ‘अरे, स्पेस दाब ना’ असे तोंडावर आले तर ते वाक्य कागदावर लिहा, कारण नेमके तेच पडद्यावर हवे होते. पहिली उडी मारायला किती सेकंद लागले, कुठल्या माशापाशी सगळे थांबले आणि कुणी पुन्हा सुरू केला, एवढेच टिपा. तिघेही एकाच फळीवरून पडले तर ती फळी २० पिक्सेल खाली घ्या, पुन्हा एक्सपोर्ट करा आणि चौथ्या माणसाला द्या.